दाऊ, तू आणि खोडा

आमच्या शेजारीणबाई घरी मेणबत्त्या बनवतात आणि दर सप्टेंबरात तासाभराच्या अंतरावरील एका मध्ययुगीन जत्रेत त्या विकतात. यंदा त्यांच्या मदतनिसाचा पाय मुरगळला आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वीस वर्षे निमूटपणे संगणकाची नोकरी करणाऱ्या माझ्यावर त्यांची नजर गेली. इंग्रजीतले सगळे शब्द मला येतात, फक्त 'नो' हा शब्द अजून वेळेवर तोंडातून निघत नाही. पोशाख त्या देणार होत्या, जेवण त्या देणार होत्या. अट एकच होती, गिऱ्हाइकाशी बोलायचे ते जुन्या इंग्रजीत.

या जत्रांची प्रथा १९६३ साली लॉस एंजेलिसच्या परिसरात सुरू झाली. ज्या देशाने १७७६ सालीच राजाला रामराम ठोकला, तिथली माणसे आता तिकीट काढून राजापुढे गुडघे टेकायला येतात. नाव मध्ययुगाचे असले तरी गादीवर बहुधा आठवा हेन्री किंवा पहिली एलिझाबेथ असते, म्हणजे काळ सोळाव्या शतकाचा. पण टर्कीची तंगडी तोंडात असताना एवढी चौकशी कोणी करत नाही.

शेजारीणबाईंनी दोन पानांचे टिपण दिले होते. समोर एकटा माणूस असेल तर 'यू'ऐवजी 'दाऊ' म्हणावे आणि क्रियापदाला 'एस्ट' लावावे; तिसऱ्या माणसाबद्दल बोलताना 'एथ' लावावे. दाऊ गोएस्ट, ही गोएथ. हे पुटपुटत कांदा चिरताना माझ्या एकदम ध्यानात आले की 'तू जातोस'मधला 'स' मला इथे ओळखीचे हसू दाखवत आहे. हा योगायोगही नव्हे. 'दाऊ' आणि आपला 'तू' हे एकाच कुळातले, संस्कृत 'त्वम्'चे भाऊबंद. 'गच्छसि'तला 'सि' आणि 'गोएस्ट'मधला 'स' यांचेही मूळ एकच, फक्त इंग्रजांच्या 'स'ला पुढे 'ट'चे शेपूट फुटले. मराठी माध्यमात पाचवीपासून इंग्रजी शिकलेल्या माणसाला असा आनंद क्वचितच मिळतो. मी बायकोला म्हणालो, "हे तर आपलंच आहे." ती म्हणाली, "कांदा बारीक चिरा."

नेमका तो आपलेपणाच आडवा आला. शनिवारी सकाळी पहिले गिऱ्हाईक म्हणून आल्या त्या काठी टेकत आलेल्या, ऐंशीच्या घरातल्या आजीबाई. त्यांनी मधमाशीच्या मेणाच्या मेणबत्तीची किंमत विचारली आणि माझ्या घशात 'दाऊ' अडकला तो अडकलाच. आजीच्या वयाच्या बाईला मी 'तू' म्हणू? मी 'यू' म्हणालो. शेजारीणबाईंनी मागून कोपर मारले. मी दबक्या आवाजात त्यांना समजावू लागलो की त्या काळी थोरामोठ्यांना 'यू' म्हणत, 'दाऊ' असे मुलाबाळांना, नोकरांना आणि जिवलगांना. १६०३ साली इंग्लंडातला नामांकित दर्यावर्दी वॉल्टर रॅले याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक याने त्याला भर न्यायालयात 'तू तू' केले, आणि तेही मुद्दाम अपमान म्हणून. क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक सर्वांनाच 'दाऊ' म्हणत, म्हणून अनेकांचा रोष ओढवून घेत. बाई शांतपणे म्हणाल्या, "पण ते तर देवाला म्हणतात. याहून आदराचं काय असणार?"

यावर मी निरुत्तर झालो, कारण देवाला 'तू' म्हणणे ही गोष्ट मला कोणी शिकवायला नको. आपणही विठोबाला अहोजाहो करत नाही. फरक इतकाच की आपल्याला तो जवळचा वाटतो म्हणून आपण तसे म्हणतो, तर अमेरिकन माणसाच्या कानांवर 'दाऊ' मुख्यतः प्रार्थनेतच पडत असल्यामुळे त्याला वाटते की ही 'आपण'च्याही वरची पायरी आहे.

तेव्हा मी मन घट्ट केले आणि दिसेल त्याला 'दाऊ' म्हणू लागलो. सुताराला, पोराला, चिलखतात घामाघूम झालेल्या दंतवैद्याला. विक्री वाढली. जीभ सैल सुटली असतानाच तुताऱ्या वाजल्या, गर्दी दुभंगली आणि साक्षात आठवा हेन्री दुकानासमोर येऊन उभा राहिला. मी तोंडभर हसून म्हणालो, "व्हॉट विल्ट दाऊ?" म्हणजे, काय रे, तुला काय हवंय?

दुर्दैवाने या राजाचा त्या काळाचा अभ्यास चांगला होता. त्याने भुवई उंचावली, दोन शिपायांनी मला उचलले आणि लोकांच्या जयघोषात मान व हात अडकवायच्या लाकडी खोड्यात नेऊन घातले. अख्ख्या जत्रेत माझे व्याकरण ज्याला पटले तो हा एकच माणूस.

तेवढ्यात साडेअकरा वाजले, म्हणजे साताऱ्यात रात्रीचे नऊ, आणि बायकोकडच्या माझ्या फोनवर आईचा फोन आला. बायकोने छायाचित्रे काढणे थांबवून तो माझ्या कानाला लावला.

"कुठे आहेस रे?"

"आई, तू थोड्या वेळानं कर. मी खोड्यात आहे."

"पन्नाशीला आलास," आई म्हणाली, "आणि अजून खोड्या करतोस? सूनबाईला दे फोन."