ग्रंथालय हवंच, फक्त कर नको

तुम्ही पुस्तकप्रेमी आहात, हे आधी सगळ्यांना कळलं पाहिजे. ग्रंथालयासाठी मालमत्ता करावर थोडा उपकर बसवायचा प्रस्ताव सभेपुढे आला, की उठून उभे राहा आणि सांगून टाका, ‘मी तर लहानपणी वाचनालयातच वाढलो.’ खोटं असलं तरी चालेल, त्या वेळची वर्गणीची वही तपासायला कोण जातंय? दुसरं वाक्य मात्र ‘पण’ने सुरू करा. उरलेलं काम तो ‘पण’ करतो.

आडपडदा न ठेवता बोलणारेही होऊन गेले. १८५० साली विल्यम इवार्ट यांनी ब्रिटिश संसदेत सार्वजनिक ग्रंथालयांचं विधेयक आणलं, तेव्हा कर्नल सिबथॉर्प नावाच्या खासदाराने सरळ कबूल केलं, की आपल्याला वाचन मुळातच आवडत नाही, ऑक्सफर्डला असतानाही आवडत नव्हतं. एवढा प्रामाणिकपणा अंगाशी येतो. विधेयक मंजूर झालं.

तुम्ही गुरू करायचे ते कर्नलसाहेबांना नव्हे, तर त्या कायद्यातल्या अटींना. दहा हजारांवर वस्तीच्या गावातच ग्रंथालय, तेही दोनतृतीयांश करदात्यांनी होकार दिला तर. कर किती, तर मालमत्तेच्या करयोग्य मूल्यात दर पौंडामागे जास्तीत जास्त अर्धा पेनी. आणि खरी मेख पुढेच आहे: या पैशातून इमारत बांधावी, नोकर ठेवावा, दिवाबत्ती करावी, पुस्तकं मात्र घेऊ नयेत. ती कुणीतरी दानशूर आणून देईल, असा हिशोब. कपाटं कराची, पुस्तकं देवाची! पाच वर्षांनी पुस्तकांना परवानगी मिळाली आणि कर एक पेनी झाला, पण ती पेनी १९१९ पर्यंत तिथेच चिकटून बसली. मधल्या काळात अमेरिकेतले पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून टोलेजंग ग्रंथालयं उभी राहिली आणि कित्येक ठिकाणी एका पेनीत पुस्तकं घ्यायची की पगार द्यायचा, हा प्रश्न पडला. म्हणून इमारतीला कधीच विरोध करू नका. इमारतीला कोनशिला असते, कोनशिलेवर नावं असतात. पुस्तकखरेदीच्या वार्षिक तरतुदीवर कुणाचं नाव कोरलेलं पाहिलंय?

(याच कार्नेगींनी अमेरिकेतल्या गावांना घातलेली अट मात्र सभेत काढू नका. देणगीच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी गावाने आपल्या तिजोरीतून ग्रंथालयाला द्यायची, अशी ती अट. श्रीमंत माणसाला फुकटेपणा चटकन ओळखू येतो.)

आता मुख्य डाव. ग्रंथालय एकदम बंद करायला जाऊ नका, लोक उगाच हळवे होतात. आधी वेळ कमी करा. संध्याकाळी, लोक कामावरून सुटतात तेव्हाच, कुलूप लागेल अशी. मग नवी पुस्तकं थांबवा. नवी नाहीत म्हणून चार वाचक गळतील, दार बंद दिसतं म्हणून आणखी दहा. वर्षभराने नोंदवही उघडा आणि हळहळत म्हणा, ‘बघा, कुणी फिरकतच नाही. मग खर्च कशासाठी?’ हा डाव मी फसलेला अजून पाहिलेला नाही.

कुणीतरी हिशोब मांडेल, की घरटी वाटा एका जाडजूड पुस्तकाच्या किमतीएवढाही भरत नाही. गांगरू नका. ‘प्रश्न पैशाचा नाही, तत्त्वाचा आहे’ असं म्हणा. घरमालक कर भरणार आणि भाडेकरू फुकट वाचणार, हा अन्याय दाखवून द्या. भाड्यात तो कर तुम्ही केव्हाच मिळवून घेतलेला आहे, हे सांगायची जबाबदारी तुमच्यावर नाही. जिथे घरं स्वस्त तिथे कराचं उत्पन्न कमी, म्हणजे गरज जास्त तिथेच ग्रंथालय दुबळं, हा आक्षेप खरोखर बिनतोड आहे. पण तो आणला तर सरकारने वरून भर घालावी, अशी मागणी लोक करतील. राहू द्या.

फारच अडचण झाली तर अनुदानाचं नाव घ्या. मद्रास प्रांताने १९४८ साली, ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांच्या पाठपुराव्यामुळे, मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राने १९६७ च्या कायद्यात तो मोह टाळला आणि ग्रंथालयांना शासकीय अनुदानाची वाट बघायला लावलं. वाट बघण्यातही एक प्रकारची अभ्यासूवृत्ती असतेच.

एक सावधगिरी घ्या. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावी २०११ साली ग्रंथालय वाचवण्यासाठी कराचा प्रस्ताव मतदानाला होता आणि विरोधकांचा जोर होता. अचानक पाट्या झळकल्या: ग्रंथालय बंद करायला मत द्या, नंतर पुस्तकं जाळण्याचा कार्यक्रम आहे. गावाचं पित्त खवळलं. पाट्या लावणारे ग्रंथालयाच्याच बाजूचे होते, हे मागाहून उघड झालं. तोवर चर्चा करावरून पुस्तकांवर गेली होती आणि प्रस्ताव मंजूर झाला. तेव्हा सभेत ‘पुस्तक’ हा शब्द शक्यतो येऊ देऊ नका. ‘बोजा’ म्हणा.

आणि पुढेमागे घर विकायला काढलंत, तर जाहिरातीत ‘ग्रंथालय पाच मिनिटांवर’ हे लिहायला विसरू नका. कुलूप लागलं असलं तरी अंतर तेवढंच आहे.