‘टेलिफोटो घेण्याआधी हे वाचाच’: माझ्या भाच्याला आलेल्या मेसेजला उत्तर

परवा रात्री शहाद्याहून भाच्याचा मेसेज आला. वर एक लांबलचक फॉरवर्ड आणि खाली त्याची एकच ओळ, "मामा, हाई खरं शे का?" हाच मजकूर गेल्या पंधरवड्यात मला जळगावच्या तीन ग्रुपवर दिसला होता आणि मी दुर्लक्ष केलं होतं. आता ते जमणार नाही. पक्षी आणि कबड्डी टिपणाऱ्या या पोराला वडिलांनी यंदाच्या कापसाच्या पैशातून टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या, लेन्ससाठी रक्कम काढून दिली आहे. ती चुकीच्या जागी गेली तर पुढची चार-पाच वर्षं दुसरी लेन्स यायची नाही.

फॉरवर्ड थोडक्यात असं सांगतो: मिलिमीटर (फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्स किती लांबचं जवळ आणते तो आकडा) जितके जास्त तितकी लेन्स भारी. स्टॅबिलायझर (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) असला की एफ २.८ वर (एफचा आकडा जितका लहान तितका लेन्समधून प्रकाश जास्त) पैसे घालवायची गरज नाही. ३०० ला २ एक्स कन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा, मिलिमीटर दुप्पट करणारा जोड) लावला की स्वस्तात ६०० तयार. क्रॉप कॅमेऱ्यावर (ज्याचा चित्र टिपणारा सेन्सर मोठ्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरपेक्षा लहान असतो) ३०० ची आपोआप ४५० होते. आणि एवढं करूनही पक्षी लांब वाटला तर मोबाइलवर त्याचा आवाज वाजवा किंवा घरटं शोधून जवळ दबा धरा, ‘पक्षी स्वतःहून फ्रेममध्ये येतो’.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्यांत पैसे जातील, यात पक्षी जाईल. मेसेजमध्ये उदाहरण म्हणून चक्क रानपिंगळ्याचं, म्हणजे एका दुर्मीळ छोट्या घुबडाचं, नाव आहे. १८८४ नंतर या पक्ष्याचा एकही खरा नमुना कुणाला मिळाला नव्हता. १९१४ चा म्हणून जो दाखवला जात होता तो माइनर्ट्झहागेन या गृहस्थाने संग्रहालयातून चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट हे पक्षीअभ्यासक नोव्हेंबर १९९७ मध्ये भारतात आले आणि तब्बल ११३ वर्षांनी त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला, तो आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात. त्यांच्याकडे वाजवायला त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग नव्हतं, कारण जगात कुठेच ते नव्हतं. ते पहाटे जंगलात गेले आणि झाडं बघत राहिले. हा पिंगळा दिवसा वावरतो, थंडीच्या सकाळी उघड्या फांदीवर उन्हाला बसतो. त्याला बोलवावं लागत नाही, आपण वेळेवर जावं लागतं.

आवाज वाजवला की होतं काय? नर समजतो की आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. तो शिकार सोडून येतो, ओरडतो, शोधतो. ढोलीत अंड्यांवर बसलेल्या मादीला खाऊ घालायचं काम तेवढा वेळ थांबतं. याचा विणीचा काळ साधारण ऑक्टोबर ते मे, म्हणजे नेमके तेच महिने जेव्हा आपण सगळे कॅमेरे घेऊन तोरणमाळच्या जंगलाकडे निघतो. एका सकाळी चार गाड्या आणि प्रत्येक गाडीत एक मोबाइल, असं धरलं तर त्या नराच्या वाट्याला काय येतं याचा हिशेब ज्याने त्याने करावा. सर्वेक्षण करणारे अभ्यासक आवाज वाजवतात, हे मला माहीत आहे. ते ठरावीक वेळ वाजवतात, नोंद घेतात आणि थांबतात. फोटो मनासारखा येईपर्यंत वाजवत राहणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणि घरट्याजवळ दबा धरणाऱ्यांनी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चं कलम २, उपकलम १६ वाचावं. तिथे ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या आहे. जंगली पक्ष्याची अंडी किंवा घरटं यांना त्रास देणं हेसुद्धा त्या व्याख्येत बसतं. बंदूक लागत नाही. रानपिंगळा अनुसूची १ मध्ये आहे आणि त्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ ते कमाल ७ वर्षांची कैद आहे. ज्याने हा मेसेज लिहिला त्याने १९-२० वर्षांच्या पोरांना हे करायला सांगितलं आहे, याचा मला मनापासून राग आहे.

बरं, लेन्स लहान म्हणून हे करावं लागतं, हेही खोटं. रानपिंगळा जेमतेम २३ सेंटिमीटरचा. क्रॉप कॅमेऱ्यावर ३०० मिमी लावून २० मीटरवरून बघितलं तर फ्रेमची उंची साधारण १०७ सेंटिमीटर येते, म्हणजे पक्षी पाचवा हिस्सा भरतो. २४ मेगापिक्सेलमध्ये ते साडेआठशे पिक्सेलच्या आसपास होतात. पोस्टकार्ड आकाराचा प्रिंट आरामात निघतो. ६०० असेल तर त्याच्या दुप्पट.

आता मिलिमीटर. मेसेजमध्ये ३००० मिमी झूमच्या कॅमेऱ्याची भलामण आहे, तो निकॉन पी १०००. ३००० हा आकडा फुल फ्रेमच्या हिशेबाने समतुल्य आहे, त्याची खरी फोकल लेंग्थ ५३९ मिमी आणि सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. बसलेल्या पक्ष्याची ओळख पटवायला तो उपयोगी आहे, उडत्या पक्ष्याला नाही. शिवाय आपल्याकडची हवा विसरू नका. हतनूर धरणाच्या काठावर मार्चमध्ये सकाळी नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते. रस्त्यावर मृगजळ दिसतं तेच हे. मग ६०० असो की ३०००, बदकाची कड लोण्यासारखी वितळलेली येते आणि कितीही महाग लेन्स ती दुरुस्त करू शकत नाही. सूर्य वर यायच्या आत काम उरका, एवढाच उपाय.

खेळात तर जास्त मिलिमीटर अडचणच करतात. कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. फुल फ्रेमवर ६०० मिमी लावून १० मीटरवरचा खेळाडू घेतला तर फ्रेमची रुंदी ६० सेंटिमीटर. चेहरा आणि एक खांदा. पकड कुठे दिसणार?

स्टॅबिलायझरचा मुद्दा ज्याने लिहिला त्याने रात्रीचा एकही सामना टिपलेला नसावा. स्टॅबिलायझर आपला हात स्थिर करतो, चढाई करणाऱ्याचा पाय नाही. दिव्यांच्या उजेडात एफ २.८ वर १/८०० सेकंदाचा शटर मिळत असेल तर त्याच आयएसओवर (सेन्सरच्या प्रकाश-संवेदनशीलतेवर) एफ ६.३ ला १/१६० मिळतो, कारण प्रकाश पाचपट कमी. निकाल असा येतो की मॅटवरची रेषा लख्ख आणि तिला शिवणारा हात धूसर. मी स्वतः असे दोनशे फोटो एका रात्रीत काढून दुसऱ्या दिवशी सगळे पुसले आहेत. पहाटे निवांत बसलेल्या पिंगळ्यासाठी १/१०० वर स्टॅबिलायझर खरोखर कामाचा, ते मान्य.

कन्व्हर्टरचं फार लांबवत नाही. २ एक्स दोन स्टॉप खातो, म्हणजे प्रकाश चौथा हिस्साच उरतो. एफ ५.६ ची ७०-३०० एफ ११ होते आणि डीएसएलआरचा ऑटोफोकस बहुतेक एफ ५.६ पर्यंत, काहींचा एफ ८ पर्यंतच चालतो. कित्येक स्वस्त झूमवर कंपनीचा कन्व्हर्टर बसतच नाही, पुढची काच आत आपटते.

क्रॉपच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने कबूल करतो. दृश्य ४५० एवढं अरुंद दिसतं आणि पक्ष्यावर पिक्सेल जास्त पडतात, हा फायदा आहेच. पण लेन्स ३०० चीच राहते, आत येणारा प्रकाश वाढत नाही.

भाच्या, तू सकाळी पक्ष्यांमागे जास्त असतोस आणि कबड्डी वर्षातून दोन स्पर्धा. सिग्माची १५०-६०० कंटेम्पररी किंवा टॅमरॉनची १५०-६०० जी २ सेकंडहँड बघ. दोन्ही दोन किलोच्या आसपास, तेव्हा आधी हातात धरून अर्धा तास उभा राहा. पैसे उरले तर कबड्डीसाठी झूम नको, ८५ मिमी एफ १.८ घे. क्रॉपवर १० मीटरला पावणेतीन मीटर रुंदी मिळेल, पूर्ण पकड बसते, आणि प्रकाश २.८ पेक्षा अडीचपट. आधी रविवारी माझी १५०-६०० घेऊन हतनूरला जाऊ. शनिवारी मुक्कामाला ये, पहाटे साडेपाचला निघायचं आहे.