चिनी पोरांना चष्मा लागत नाही म्हणे!

"चीनची ५००० वर्षं जुनी पद्धत. हे पॉइंट दाबा, मोबाईलमुळे दुखणारं डोकं २ मिनिटांत थांबेल, महिन्यात चष्मा उतरेल. म्हणूनच चिनी मुलांना चष्मा नसतो. औषध कंपन्या हे लपवतात. डॉक्टरकडे जायची गरज नाही. डोळे लिव्हरला जोडलेले असतात, म्हणून सोबत शेवंतीचा चहा आणि गोजी बेरी घ्या." खाली हाताचा आणि चेहऱ्याचा फोटो, त्यावर लाल ठिपके. आमच्या फॅमिली ग्रुपवर हे फिरत होतं तोवर मी गप्प होते. पण मावशीने हे वाचून चाळिशीचा चष्मा कपाटात टाकलाय आणि दिवसभर भुवया दाबत बसते असं कळलं तेव्हा म्हटलं आता बास.

आधी ती चिनी मुलं. अहो, लिहिणाऱ्याने एकदा तरी चिनी वर्गाचा फोटो बघायचा! २०१८ ला चीन सरकारनेच देशभर मुलांचे डोळे तपासले, तर ५३.६ टक्के मुलांना मायनस नंबर, आणि दहावी ते बारावीच्या वयाच्या पोरांत तर ८१ टक्के. आणि खरी गंमत पुढेच आहे. फॉरवर्डमधले चेहऱ्यावरचे ठिपके, म्हणजे भुवईचं आतलं टोक, नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा, गालाचं हाड, हे हीच मुलं शाळेत रोज दाबतात, स्पीकरवर म्युझिक लावून, अख्खा वर्ग डोळे मिटून. तो व्यायाम १९६३ च्या आसपास बीजिंगमध्ये सुरू झाला, त्यामुळे ५००० वर्षं कुठून आणली देव जाणे, चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ मानतात तो ह्वांगदी नेइजिंगसुद्धा साधारण २००० वर्षांपूर्वीचा. म्हणजे जिथे सगळा देश लहानपणापासून हे पॉइंट दाबतोय तिथेच चष्मे ढिगाने, आणि आपण म्हणायचं की दाबून चष्मा उतरतो! तिथे थोडाफार फरक पडलेला दिसला तो मैदानावर. ग्वांगझौच्या शाळांत काही मुलांना रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, ३ वर्षांत त्यातल्या ३०.४ टक्क्यांना नवा नंबर लागला, बाकीच्यांत ३९.५. फॉरवर्डमध्ये मैदानाचं नावही नाही.

चष्मा उतरण्याचं म्हणाल तर मायनस नंबरात डोळ्याचा गोळाच लांबट झालेला असतो आणि चाळिशीत आतलं भिंग कडक होतं, कपाळ दाबून यातलं काय बदलणार? उलट चष्म्याशिवाय जवळचं वाचायला डोळे ताणले की डोकं दुखतंच. मावशी आता नेमकं तेच करतेय.

आणि "डॉक्टरकडे जायची गरज नाही" हे वाक्य तर मला गुन्हाच वाटतं. डोकं ठणकतंय, एक डोळा लाल झालाय, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतायत, धूसर दिसतंय, उलट्या होतायत, तर तो काचबिंदूचा अॅटॅक असू शकतो. आपल्याकडे अशा वेळी "पित्त झालंय" म्हणून सोडा पाजतात, त्यात आता हे ठिपके दाबणं आलं. उशीर झाला तर त्या डोळ्याची नजर कायमची जाते हो, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पळायचं.

शेवंतीचा चहा? प्या खुशाल. गोजी बेरी, म्हणजे ती छोटी लाल चिनी फळं, खा, फक्त रक्त पातळ करायची वॉरफरिन गोळी चालू असेल तर नको, दोन्ही एकत्र घेऊन रक्त नको इतकं पातळ झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. "डोळे लिव्हरला जोडलेले" ही चिनी वैद्यकातली जुनी कल्पना आहे, त्यावरून लिव्हरचं सिरप विकत घेऊ नका.

आता एक गोष्ट मान्य करावी लागते, मन मारून. अॅक्युपंक्चरने, म्हणजे सुया टोचून, ताणाच्या डोकेदुखीला फायदा होतो असं २०१६ च्या कॉक्रेन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालात आहे. डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर आले असे लोक खऱ्या सुयांनी ५१ टक्के आणि खोट्या सुयांनी ४३ टक्के. फरक आहे, पण एवढाच, आणि तोही शिकलेल्या माणसाने टोचलेल्या सुयांचा. सोफ्यावर बसून अंगठ्याने दाबण्याचा नाही, २ मिनिटांचा तर नाहीच. दाबून बरं वाटत असेल तर दाबा, पण चष्मा लावून, आणि स्क्रीनसमोर पापण्या मिटायला विसरतो आपण, ते मुद्दाम करा.

फक्त अंगठा आणि तर्जनीमधला तो हेगू पॉइंट, त्याच्याखाली "गरोदर बायकांनाही सुरक्षित" लिहिलंय. चिनी वैद्य स्वतः गरोदरपणात तो पॉइंट टाळायला सांगतात. पाच हजार वर्षांच्या परंपरेतलं एवढं एक तरी वाचून फॉरवर्ड करायचं होतं.