कॅस्ट्रोंच्या सुडाची गोष्ट आणि हवाना शुगर किंग्जचा खरा शेवट

क्युबाचे क्रांतिकारी नेते फिडेल कॅस्ट्रो हे बेसबॉलमधील असामान्य पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू) होते, अमेरिकेतील वॉशिंग्टन सेनेटर्स संघाने त्यांना नाकारले, त्याचा सूड म्हणून सत्तेवर आल्यावर त्यांनी हवाना शुगर किंग्ज हा व्यावसायिक बेसबॉल संघ बंद पाडला आणि त्याआधी भर सामन्यात गोळी लागून एक खेळाडू ठार झाला, असा मजकूर समाजमाध्यमांवर फिरत असतो. माझ्या भाचीने तो शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी जसाच्या तसा उतरवून घेतला, तेव्हा मात्र गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

यातील सर्वांत निराधार भाग पिचरचा आहे. येल विद्यापीठातील प्राध्यापक रॉबेर्टो गोन्झालेस एचेवारिया यांनी क्युबातील बेसबॉलचा इतिहास लिहिताना हवानाची जुनी वर्तमानपत्रे बारकाईने तपासली. बेसबॉलच्या किरकोळ सामन्यांचेही धावफलक छापणाऱ्या त्या शहरात त्यांना एकच नोंद सापडली: नोव्हेंबर १९४६ मध्ये हवाना विद्यापीठाच्या दोन विद्याशाखांमध्ये झालेल्या सामन्यात कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून ‘एफ. कॅस्ट्रो’ नावाच्या पिचरने गोलंदाजी केली आणि तो सामना ५-४ असा हरला. हा कॅस्ट्रो म्हणजे फिडेलच, हाही अंदाजच आहे. शाळेत ते चांगले खेळाडू होते हे मान्य. पण शालेय खेळाडू आणि अमेरिकेच्या व्यावसायिक संघाने हेरलेला पिचर यांत फार मोठे अंतर आहे.

सुडाची कथा तर साध्या कालक्रमापुढेही टिकत नाही. बॉबी मादुरो यांच्या मालकीचा शुगर किंग्ज संघ १९५४ मध्ये इंटरनॅशनल लीग या अमेरिकेतील दुय्यम स्तरावरील व्यावसायिक साखळीत दाखल झाला, तेव्हा कॅस्ट्रो तुरुंगात होते. त्यांच्या सत्ताकाळातच, १९५९ च्या ऑक्टोबरमध्ये, शुगर किंग्जने अमेरिकेतील मिनियापोलिसच्या संघाला सात सामन्यांच्या मालिकेत ४-३ असे हरवून ज्युनियर वर्ल्ड सिरीज, म्हणजे अशा दुय्यम साखळ्यांच्या विजेत्यांमधील अंतिम मालिका, जिंकली. मिनियापोलिसमधील थंडीमुळे मालिकेतील शेवटचे पाच सामने हवानात खेळवले गेले होते आणि कॅस्ट्रो स्वतः ते पाहायला आले होते. संघ आर्थिक अडचणीत असताना त्यांनी मदतीचे आश्वासनही दिले होते. सूड घेणारा माणूस असे वागत नाही.

संघ हवानातून हलवला तो लीगने. जुलै १९६० मध्ये अमेरिकेने क्युबाची साखरेची आयात कमी केली, दोन्ही देशांचे संबंध झपाट्याने बिघडले आणि त्याच आठवड्यात लीगचे अध्यक्ष फ्रँक शॉनेसी यांनी खेळाडूंच्या सुरक्षिततेचे कारण देत संघ अमेरिकेतील जर्सी सिटीला हलवण्याचा निर्णय जाहीर केला. कॅस्ट्रोंनी या निर्णयाचा निषेध केला होता.

मृत्यूचा दावाही खोटा आहे. २५ जुलै १९५९ च्या रात्री सुरू झालेला रॉचेस्टरविरुद्धचा सामना मध्यरात्रीनंतरही चालू असताना २६ जुलै या क्रांतीच्या वर्धापनदिनाच्या जल्लोषात झाडलेल्या गोळ्यांपैकी एक रॉचेस्टरच्या फ्रँक व्हर्डी यांना आणि एक हवानाच्या लिओ कार्डेनास यांना चाटून गेली. दोघांनाही किरकोळ दुखापत झाली. कार्डेनास तर पुढे अनेक वर्षे अमेरिकेतील सिनसिनाटी संघाकडून खेळले.

एक अर्धसत्य मात्र नाइलाजाने मान्य करावे लागते. क्युबातील व्यावसायिक बेसबॉल कॅस्ट्रोंच्या सरकारनेच बंद केले आणि १९६०-६१ चा हिवाळी हंगाम तिथला शेवटचा व्यावसायिक हंगाम ठरला. पण तोवर शुगर किंग्ज हवानातून गेलेले होते. जर्सी सिटीतही त्यांना पुरेसे प्रेक्षक मिळाले नाहीत आणि १९६१ च्या हंगामानंतर संघ तिथूनही हलवला गेला.