सांगितले आणि समजले यांतील अंतर
वरिष्ठांनी उद्दिष्ट स्पष्ट सांगितले की काम भागते, हे एका लेखातील म्हणणे मला अपुरे वाटते. नागपूरजवळ बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी शिफ्ट इन्चार्ज असताना ‘माल लवकर काढा’ या आदेशाचा अर्थ पॅकिंगवाल्यांनी ‘आजच’ असा, तर तपासणी विभागाने ‘तपासणी आटोपून’ असा घेतला आणि भरलेला अर्धा ट्रक पुन्हा उतरवावा लागला. रेल्वेत इंटरलॉकिंग नसलेले, म्हणजे सिग्नलशी न जोडलेले, फाटक बंद केल्याची खात्री म्हणून गेटमन स्टेशन मास्तरांना फोनवर प्रायव्हेट नंबर, म्हणजे आपल्याकडील गुप्त यादीतला एक आकडा, देतो; तिथे नुसता होकार चालत नाही. ट्रकच्या त्या प्रसंगानंतर मी शिफ्ट बदलताना प्रत्येकाला त्याचे काम त्याच्याच शब्दांत सांगायला लावू लागलो. पाच मिनिटे जास्त जातात, पण शंका तिथेच बाहेर येतात.