“लेन्स गेली म्हणजे प्लेअर गेला” – त्या मेसेजमधली एकेक गोष्ट तपासून बघू

आठ दिवसात हा मेसेज मला चार ठिकाणाहून आला, शेवटचा तर आमच्या काकांनीच पाठवला आणि खाली लिहिलं की आपला डीव्हीडी प्लेअर उद्या भंगारवाल्याला देतोय. मेसेज थोडक्यात असा: डीव्हीडी प्लेअरवर ‘नो डिस्क’ आलं की लेन्स गेली समजा, घरी उघडू नका कारण आतल्या लेझरने डोळे जातात, पार्ट आता कुठंच मिळत नाहीत, आणि फारच वाटलं तर लेन्सच्या बाजूचा बारीक स्क्रू थोडा फिरवून बघा, नाहीतर भंगारात टाका. काका, तुमचा राग नाही, पण त्या प्लेअरवर ताईच्या लग्नाची डिस्क लागते, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिलं, ‘नो डिस्क’ म्हणजे लेन्स गेली. नाही, बऱ्याचदा लेन्स फक्त मळलेली असते, आणि सोलापुरात ती मळणारच. आमचं घर पूर्व भागात, गल्लीत दोन्हीकडं पॉवरलूम, दिवसभर सुताची बारीक धूळ उडते ती पंख्यावर बसते, टीव्हीच्या मागं बसते, तशी प्लेअरच्या ट्रेच्या फटीतनं आतही जाते आणि ज्या दांड्यावर लेन्स पुढं-मागं सरकते त्या दांड्यावरच्या ग्रीसला चिकटते. मागच्या दिवाळीत आमचा उघडला तर ग्रीस काळं पडून मेणासारखं घट्ट झालं होतं, लेन्स मधल्या भागापासून पुढं सरकतच नव्हती, म्हणून पिक्चर अर्धा चालायचा आणि अडकायचा. लेन्स एकदम ठणठणीत होती!

साफ करायची पद्धत सांगतो. प्लग काढायचा, नुसता स्विच बंद नाही, प्लगच काढायचा. वरचं झाकण काढलं की डिस्क दाबून धरणारी पट्टी दिसते, तिच्या खाली छोट्या मण्याएवढी लेन्स. आधी रबरी ब्लोअरने हवा मारायची, तोंडाने फुंकायचं नाही, थुंकी उडते. मग कापसाच्या इअरबडला आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून, तेच जे मोबाईल रिपेअरवाले वापरतात, अगदी हलक्या हाताने पुसायचं कारण लेन्स बारीक तारांवर लटकलेली असते, जोर दिला की तारा वाकतात आणि मग खरंच लेन्स जाते. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नाही, लेन्स प्लॅस्टिकची असते. दांडा कापडाने पुसून नवं ग्रीस अगदी थोडं लावायचं.

आणि उघडायच्याही आधी दुकानातनं विकत आणलेली छापील डिस्क लावून बघा. घरी बर्न केलेली डिस्क वाचायला प्लेअरला जास्त जड जाते, त्यामुळं लेन्स थोडी कमजोर झाली की आधी लग्नाच्या डिस्क बंद पडतात आणि लोकांना वाटतं सगळंच संपलं. डिस्क पुसताना गोल-गोल पुसू नका, मधून बाहेर सरळ पुसा. माहिती गोलाकार ट्रॅकवर असते, आडवा ओरखडा प्लेअर सांभाळून घेतो पण ट्रॅकच्या बाजूने गेलेला ओरखडा एकदम लांबलचक माहिती खातो. परदेशातनं आणलेली डिस्क चालत नसेल तर तोही बिघाड नाही, डीव्हीडीला जगाच्या भागानुसार रीजन नंबर असतो, भारत रीजन ५ मध्ये येतो, अमेरिकेची डिस्क रीजन १ ची. चित्र काळं-पांढरं किंवा फाटलेलं दिसतंय? रिमोटवरनं चुकून पी-स्कॅन (चित्र पाठवायची पद्धत बदलणारं बटन) दाबलं गेलं असेल किंवा पाल-एनटीएससी, म्हणजे टीव्ही सिग्नलचा प्रकार, बदललं असेल, त्याच बटनाने परत येतं.

आता डोळ्यांचं. प्लग काढलेल्या प्लेअरमध्ये लेझर पेटतच नाही, त्यामुळं साफ करताना डोळ्यांना धोका शून्य. चालू ठेवून उघडं बघायचं असेल तर मात्र वरनं लेन्समध्ये डोळा घालायचा नाही, ते बरोबरच आहे. डीव्हीडीचा लेझर लाल, ६५० नॅनोमीटर, बाजूने हातभर लांबून बघितलं तर डिस्क शोधताना लेन्स दोन-तीनदा वर-खाली होते आणि फिकट लाल दिसतं, तेवढं बघणं पुरे. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, तो डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, म्हणून लाल दिसत नाही म्हणजे बंद आहे असं समजून वाकून बघू नका.

पण मला राग कशाचा येतो सांगू? मेसेज भीती घालतो लेझरची आणि खरा धोका जिथं आहे तिथलं एक अक्षर नाही. वायर जिथं आत येते ती पॉवर सप्लायची पट्टी, तिच्यावर एक जाडजूड कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा पार्ट, असतो. घरातले २३० व्होल्ट डीसी होऊन तिथं ३२५ च्या आसपास साठतात, आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. म्हणून लहान पोरं जवळ नकोत, प्लग काढून पंधरा मिनिटं थांबायचं, मग मल्टिमीटर डीसी १००० व्होल्टवर ठेवून तपासायचं, शून्याजवळ आल्याशिवाय हात नाही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करणारे व्हिडिओ बघून तसं करू नका. मल्टिमीटर वापरता येत नसेल तर त्या पट्टीला हातच लावू नका, बाकी लेन्स आणि ट्रे घरी करा. प्लेअर चालूच होत नाही, लाईट लुकलुकते, अशा केसमध्ये बहुतेक त्या पट्टीवरचे छोटे कपॅसिटर वरनं फुगलेले असतात. उन्हाळ्यात ४२ च्या पुढं जाणारं आपलं गाव, त्यात प्लेअर सेटटॉप बॉक्सच्या खाली दाबून ठेवलेला, फुगणारच की. आमचा १००० मायक्रोफॅरड १० व्होल्टचा होता, त्याजागी १६ व्होल्ट १०५ डिग्रीवाला लावला, चहाच्या पैशात काम झालं.

पार्ट मिळत नाहीत म्हणे. मला नवी पेठेत फिरून लेन्स मिळाली. दुकानदार पूर्ण पिकअपलाच, म्हणजे लेन्स आणि लेझर बसवलेल्या अख्ख्या भागालाच, लेन्स म्हणतात, म्हणून जुना काढून त्यावरचा नंबर दाखवा, केएचएम-३१३ किंवा एचडी-६५ असं काहीतरी असतं. नवीन लेन्सवर कंपनीने सोल्डरचा एक थेंब टाकून दोन पॉइंट जोडलेले असतात, अंगातल्या स्टॅटिक विजेने लेझर जळू नये म्हणून. रिबन, म्हणजे पिकअपला जोडणारी चपटी वायर, बसवल्यावरच तो थेंब काढायचा. थेंब तसाच ठेवून “नवीन लेन्सपण खराब निघाली” म्हणत परत करणारे मी बघितलेत. ट्रे घरघर करतो पण बाहेर येत नाही, तो तर नुसता रबरी बेल्ट सैल झालेला असतो.

आणि तो बारीक स्क्रू. हे वाचून मात्र हात जोडावेसे वाटतात, कृपा करून फिरवू नका. त्याने लेझरचा करंट ठरतो, कारखान्यात मोजून लावलेला असतो. फिरवला की दोन दिवस डिस्क छान चालते, माणूस खूश होऊन मेसेज पुढं पाठवतो, आणि तिसऱ्या दिवशी लेझर जळून जातो. तोपर्यंत मेसेज शंभर घरात पोचलेला असतो.

एका गोष्टीत मेसेज बरोबर आहे. सगळं साफ केलं, छापील डिस्क लावली, सीडी चालते आणि डीव्हीडी एकही नाही, तर डीव्हीडीचा लेझर कमजोर झालाय असं धरायला हरकत नाही, दोघांचे लेझर वेगळे असतात. तेव्हा लेन्स बदलायची, प्लेअर नाही. आणि चालू झाला की लग्नाची डिस्क कॉम्प्युटरवर कॉपी करून घ्या, बर्न केलेल्या डिस्कमधला रंगाचा थर उन्हाने-गरमीने फिका पडतो.

काका, भंगारवाला अजून आला नसेल तर थांबवा त्याला. रविवारी सकाळी प्लेअर, रिमोट आणि एक छापील डिस्क घेऊन या, ताईची पण आणा.