आधी लोगो ठरवा, पोरांचं बघू नंतर

अमेरिकेत शिकलात, स्थिरावलात, आता आपल्या विद्यापीठातल्या पोरांसाठी काहीतरी करावंसं वाटतंय? उत्तम. आधी माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप काढा. नावात ‘बहुसांस्कृतिक’ हवंच. मग लोगो: चार रंगांचे चार हात, एकमेकांत अडकलेले. यात सहा महिने सहज निघतात.

वर्षातून एकदा पॉटलक ठेवा. समोसे, टाको आणि जोलोफ राईस एका टेबलावर आले की झाला संस्कृतींचा संगम. भाषणं जेवणाआधी, म्हणजे कुणी पळत नाही.

टेक्सासात सरकारी विद्यापीठांतल्या विविधता-समावेशनाच्या कार्यालयांवर बंदी घालणाऱ्या २०२३ च्या ‘एसबी १७’ कायद्यापायी ऑस्टिनच्या विद्यापीठातलं बहुसांस्कृतिक केंद्र जानेवारी २०२४ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी युटा विद्यापीठातल्या अशा केंद्रांनाही टाळं लागलं. विद्यापीठानेच हात वर केले तर पोरांनी बघायचं कुणाकडे? आपल्याकडेच. तेव्हा अशा प्रसंगी वेळ न दवडता ग्रुपचा डीपी बदलावा.

मेंटॉर व्हा. झूमवर येऊन ‘नेटवर्किंग करा’ म्हणा आणि निघा.

कुणी खरोखरची मदत मागितली तर मात्र सांभाळून. मागच्या महिन्यात नांदेडचा एक मुलगा आला. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा, एकीत कुकर, कुकरात कोंबलेल्या मेतकुटाच्या पुड्या. घरमालक म्हणाला, क्रेडिट स्कोअर दाखव. चार दिवसांपूर्वी विमानातून उतरलेल्या पोराचा कसला आलाय स्कोअर? नाहीतर को-सायनर, म्हणजे भाड्याला जामीन राहणारा माणूस आण, नाहीतर तीन महिन्यांचं भाडं आगाऊ भर. फीचं कर्ज बापाच्या डोक्यावर आधीच आहे. माझी सही दुसऱ्या एका मुलीच्या लीजवर गेलेली, म्हणून ग्रुपवर विचारलं. दोनशे चौदा माणसं. एकवीस नमस्कार, नऊ बदाम, एक ‘इन्स्पायरिंग!’. एकाने ‘अमेरिकेतले पहिले तीस दिवस’ नावाची पीडीएफ टाकली. तिच्या चौथ्या पानावर सल्ला: को-सायनरसाठी माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारा! वर अ‍ॅडमिनची तंबी, वैयक्तिक मेसेज इथे टाकू नयेत. पॉटलकला कोण किती समोसे आणणार यावरचे एकशे तीस मेसेज बहुधा सार्वजनिक हिताचे होते.

सही म्हणजे जोखीम, भाडं थकलं तर आपल्या गळ्यात, कळतं हो मला. मग ‘जमणार नाही’ म्हणा ना! नमस्कार कसले पाठवता? तुम्ही आलात तेव्हा विमानतळावर न्यायला कोण आलं होतं? पंधरा-पंधरा दिवस कुणाच्या हॉलमध्ये लोळलात, कुणाच्या फ्रिजमधलं दूध संपवलंत? तेव्हा कुणी तुम्हाला पीडीएफ दिली होती का? लाज वाटायला हवी.

सही केली ती नायजेरियातल्या लागोसच्या एका बाईंनी. ग्रुपवर तीन वर्षांत त्यांचा एक मेसेज नाही.

येत्या शनिवारी, तुमच्या पॉटलकच्याच दिवशी, त्या पोराची गादी माझ्या हॉलमधून तिसऱ्या मजल्यावर चढवायची आहे. लिफ्ट नाही. कुणाकडे पिकअप असेल तर दहाला या. बदाम पाठवू नका.